गिअरचा गोळा, जात्याचा खुंटा

मामाजी,

तुमची तब्येत आता कशी आहे? डावा हात उठतो का? तोंडाचा वाकडा झालेला कोपरा सरळ झाला असेल असं मी धरून चालते. तिथं गेल्यावर माणसाची दुखणी इथंच राहतात असं सगळे सांगतात, पाहून कोणी आलेलं नाही ती गोष्ट वेगळी. आत्याबाईंचे गुडघे कसे आहेत? थंडीच्या दिवसांत त्यांना निर्गुडीचा पाला गरम करून बांधावा लागायचा, तिथं कोणी बांधून देतं की नाही? आणि तुमचे चिरंजीव? ते तुमच्या मागून आले, आत्याबाईंच्याही मागून आले, आणि निघताना त्यांना खोकला होता. गेला का तो खोकला? मोटेचा ढवळा बैलही तिकडेच कुठं असेल, त्याचा खांदा सुजला होता, त्यालाही विचारलं म्हणून सांगा. इकडे आम्ही बरे आहोत. मळ्यात पालक, मेथी, वांगी अजून लावतो, शेवंतीचे वाफे मात्र कमी केले. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून तर या ओळी सरळ येऊन राहिल्या आहेत. नाहीतर तुम्हाला वाटायचं, सुनेनं कागदावर मुंग्या सोडल्या.

पत्र लिहायचं कारण म्हणजे तुमचा थोरला पणतू. त्यानं एक जुनी मोटर घेतली आहे आणि परवा दिवसभर तिच्या गिअरच्या दांड्यावरचा गोळा काढत अंगणात बसला होता. पिरगाळून पाहिला, ओढून पाहिला, फडकं गुंडाळून दातओठ खाल्ले. मी ओट्यावर वाल सोलत होते. संध्याकाळी निघाला एकदाचा. आतले आटे गंजले होते, दुसरं काही नाही. तो खुशीत नवा गोळा बसवायला लागला आणि मी वाल तसेच सोडून आत आले. आत येऊन बसले तर तुमची मोटर डोळ्यांसमोर उभी. कापडी टपाची, जुन्या सीपी प्रांताच्या नंबरची पाटी लावलेली, टपावर भाजीच्या टोपल्या आणि आत दाटीवाटीनं बसलेली माणसं, अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला निघालेली. तुम्ही हँडल मारताय, ती खोकते, थांबते, परत खोकते, आणि तुम्ही तिला म्हणता, "चाल व माय, उशीर होऊन राह्यला." बैलाला बोलावं तसं बोलायचे तुम्ही मोटरीशी. माझ्याशी मात्र नाही.

तुमचा दोष नाही त्यात. रीतच होती. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही, सुनेनं डोक्यावरचा पदर ओढून दाराआड उभं राहायचं. तुम्हाला पाणी हवं असलं तर तुम्ही भिंतीकडे पाहून म्हणायचे, "पाणी मिळंल का कोणाले?" आणि मी तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागे सरकायची. भाजी चांगली झाली तर आत्याबाईंना सांगायचे, "म्हणा सूनबाईले, आज वांगं बेस झालं." आत्याबाई सासू पडल्या, सांगायच्या नाहीत. पण मी दाराआडून ऐकलेलंच असायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. तुम्ही अकोल्याहून किराणा-सौदा बांधून आणायचे तो छापील कागदांत. त्या कागदांवरच्या घड्या मी बोटानं मोडते आणि मोठी मोठी अक्षरं निरखते हे तुम्ही कधी पाहिलं कोण जाणे. एक दिवस कोनाड्यात मला ते कागद सरळ करून ठेवलेले सापडले. पुढच्या खेपेलाही. कोणी ठेवले, काहून ठेवले, कोणी काही बोललं नाही. मी त्या कागदांवर अक्षर लावत लावत वाचायला शिकले आणि आज त्याच्याच बळावर तुम्हाला लिहायला बसले आहे.

तुम्हाला वाऱ्याचा झटका आला ते कापसाचे दिवस होते. रस्त्यानं सरकी काढायच्या जिनांकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांची रांग, आणि तुम्ही बडनेऱ्याच्या अलीकडे मोटर नीट कडेला लावून स्टेअरिंगवर मान टाकलेली. आतल्या माणसांना वाटलं, झोपले. घरी आणलं तेव्हा डावी बाजू लुळी, तोंड वाकडं, जीभ जड. बोलायचे, पण त्यातून शब्द निघत नव्हता. वैद्यांनी तुमची डावी मूठ उघडून पाहिली आणि तुमच्या चिरंजिवांना सांगितलं, "यांच्या तळहातात सारखं काहीतरी धरायला द्या. बोटं अशीच मिटू दिली तर आतल्या आत आखडतील, आणि मग ब्रह्मदेव आला तरी उघडायची नाहीत."

मग सुरू झाली आमची शर्थ. लिंबू दिलं, तुम्ही उजव्या हातानं काढून फेकलं. आत्याबाईंनी चिंधीचा चेंडू केला, तो गेला थेट गोठ्यात. सुताराकडून गुळगुळीत गोळा करून आणला, तो तुम्ही इतक्या जोरानं भिरकावला की चुलीवरचं गाडगं फुटलं. आत्याबाई म्हणाल्या, "काहून असा राग काढून राह्यले? हात तुमचाच हाये नं, का शेजाऱ्याचा?" तुम्ही तोंड भिंतीकडे केलं. आम्हाला वाटलं, तुम्ही हात सोडूनच दिला.

मी समोरच्या खोलीत दळायला बसायची. दाराच्या फटीतून तुमची खाट दिसायची. एकदा दळता दळता पाहिलं, तर तुम्ही उजव्या हातानं आपली डावी मूठ उचललीय आणि ती पुढे ढकलताय, मग जरा आडवी, मग मागे. थांबलात. परत पुढे. मला आधी वाटलं चाळा आहे. मग माझं जातंच थांबलं. संध्याकाळी यांना सांगितलं, "मामाजी खाटेवर मोटर चालवून राह्यले." हे हसले नाहीत. दाराशी उभे राहून त्यांनी पाहिलं आणि हळूच म्हणाले, "दुसरा टाकला... आता तिसरा. अगं, बाबाले त्यायचा गोळा पाह्यजे!"

तो गोळा मोटरीबरोबर आलेला नव्हता. मूळचा काळा गोळा वैशाखाच्या उन्हात तडकून पडला, दुकानात मिळणारा पितळी गोळा तापून हात भाजायचा, म्हणून तुम्ही तिवस झाडाच्या लाकडाचा स्वतः तासला होता. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट ती. इतकी वर्षं तुमच्या तळव्याखाली झिजून त्याला अंगठ्याची खोबण पडली होती. सुताराचा गोळा गोल होता, हा तुमच्या हाताचा होता. बाकी कशावर तुमची बोटं बसत नव्हती ती काय उगाच!

आणि मोटर तर विकून झाली होती. चालवणारं कोणी नाही, यांचा जीव मळ्यात, तेव्हा अकोल्याच्या एका भल्या माणसानं ती घेतली होती आणि तो दुसऱ्याच दिवशी सकाळी ती न्यायला आला. अकोटच्या बाजूला चालवणार होता. यांनी सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "गोळा ना? खुशाल काढून घ्या, भाऊ. पण जरा घाई करा. दुपार झाली की कापसाच्या गाड्यायनं रस्ता भरते, मंग मूर्तिजापूर गाठता गाठता दिवस जाते."

यांनी गोळा पिरगाळला. हालेना. अकोल्याच्या माणसानं पिरगाळला. मग गावातून मोटरीचा मिस्त्री बोलावला. त्यानं गोळ्यावर टिचकी मारली, कान लावला आणि वैद्यासारखी मान हलवली. "आटे जाम हायेत. घासलेट पाजा त्याले." घासलेट पाजलं, वाट पाहिली, गोणपाट गुंडाळून पक्कड लावली. पक्कड फिरली, गोळा नाही. मिस्त्री उलटा पिरगाळून पाहतो, सुलटा पिरगाळून पाहतो, दोन्ही पाय फळीला लावून वर ओढतो. दाराआडून मला त्याचं तांबडंलाल तोंड दिसतं. "हा गोळा नाई, हा जावई हाये," मिस्त्री घाम पुसत म्हणाला, "बसला का उठाचं नावच नाई घेत!" शेवटी त्यानं सांगितलं, दोनच रस्ते. छिन्नीनं गोळा फोडायचा, नाहीतर करवतीनं दांडा कापायचा. फोडलेल्या गोळ्याचा आम्हाला उपयोग नाही. दांडा कापला तर मोटरीचा त्याला उपयोग नाही. ऊन ओट्यावर चढलं होतं. अकोल्याचा माणूस वाईट नव्हता, पण निघायला म्हणून त्यानं टोपी डोक्यावर चढवली.

त्या वेळी मी काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण मी ते तुमच्यासमोरच केलं. मी खोलीतून निघाले, सरळ तुमच्या खाटेशी येऊन उभी राहिले आणि बोलले, "मामाजी, गोळा निघून नाई राह्यला. तुमी बसवला कसा होता?"

आत्याबाईंच्या हातातलं सूप खाली आलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. त्याआधी तुम्ही मला पुरतं पाहिलं होतं की नाही, मला शंका आहे. तुमचे डोळे राखी रंगाचे आहेत हे मलाही त्याच दिवशी कळलं. तुम्ही बोलायला गेलात. "फ... फ..." एवढंच. जीभ अडकली तशी तुम्ही डोळे मिटले, गाल फुगवले आणि वाकड्या तोंडानं फुंकायला लागलात. फू, फू. अर्धा वारा एका बाजूनं निसटत होता. आत्याबाई धावल्या, "व माय व! श्वास लागला यायले! पोराले बोलाव, बोलाव लवकर!" त्या छाती चोळायला लागल्या आणि तुम्ही उजव्या हातानं त्यांना बाजूला सारता सारता फुंकतच राहिलात. मग तो हात उचलून तुम्ही माझ्या मागे दाखवलं. मागे चूल होती.

"इंगळ?" मी विचारलं. तुम्ही मान हलवली.

"तापवाचं?" मान हलवली.

आणि मग मला एकदम समजलं. माझं माहेर चांदूर बाजारकडचं, तिथंही मळाच. आमच्याकडे विळ्याची मूठ निघाली की काय करतात? मुठीच्या भोकात लाख भरतात, विळ्याचं शेपूट चुलीत लाल करतात आणि आत खुपसतात. थंड झाली की ती लाख दगडासारखी धरते. "लाख हाये का आत, मामाजी? विळ्यासारखी?" तुम्ही सुस्कारा सोडून उशीवर मान टाकलीत, आणि त्या वाकड्या तोंडाचा जो चांगला कोपरा होता तो हसला. मोटर म्हणजे तिचं सगळं आट्यांवर बसलेलं, असं धरून ते तिघं सकाळपासून पिरगाळत होते. पण गोळा बसवणारा माळी होता, त्यानं तो विळ्याची मूठ बसवतात तसाच बसवला होता. मिस्त्रीला तरी कसं ठाऊक असणार?

मिस्त्रीनं ऐकलं आणि दोन्ही हात वर केले. "पेट्रोलची गाडी हाये, वहिनी! तिच्यात इंगळ नेता? मोटरही जाईल अन् आमीबी जाऊ!" तेही खरं. मग मी इंगळ नेलेच नाहीत, यांना दांड्यावरचं घासलेट तेवढं नीट पुसायला लावलं. चुलीत दोन उलथणी घातली. एक तापलं की ते यांच्या हाती द्यायचं, यांनी ते गोळ्याच्या खाली दांड्याला टेकवून धरायचं, थंड होईतो दुसरं तयार. पहिल्यांदा हे दाराशी येऊन घेऊन गेले, पण हे येऊन परत जाईतो तिकडे दांडा निवायचा. मग मीच बाहेर पडले. पदर ओढलेला, हातात लाल उलथणं, आणि पुरुषमाणसांच्या मधून मोटरीकडे चाललेली. अकोल्याचा माणूस सभ्यपणानं पाठ फिरवून उभा राहिला. आत्याबाई ओट्यावरून म्हणत होत्या, "भाकरीचं उलथणं हाये माझं, वाकडं करू नका बरं," पण दुसरं उलथणं चुलीतून काढून त्याच आणून देत होत्या.

किती खेपा झाल्या ते आठवत नाही. लाखेचा वास आला तो आठवतो. बांगड्यावाल्याच्या दुकानात येतो तसा, गोडसर आणि जळका. यांनी गोळ्याला हात लावला आणि तो वळला. जोर लागला नाही. पिकलेलं सीताफळ देठापासून निघावं तसा हातात आला. मिस्त्री म्हणाला, "अरे बह्याडा, एवढंच होतं का?" वेडा कोणाला म्हणाला देव जाणे. गोळ्याला, नाहीतर स्वतःला.

आता सगळं नीट झालं असं आम्हाला वाटलं. यांनी गोळा थंड करून, पुसून, तुमच्या डाव्या हातात ठेवला. बोटं त्याच्यावर बसली, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, अंगठा आपसूक खोबणीत गेला. तुम्ही बाहेर मोटरीकडे पाहिलं, आणि उजव्या हातानं गोळा काढून यांच्याकडे परत केला. यांनी पुन्हा हातात दिला. तुम्ही पुन्हा परत केला आणि दाराकडे बोट दाखवलं. हे रडकुंडीला आले. "बाबा, इतका खटाटोप तुमच्यासाठीच केला नं! का पाह्यजे आता?" तुम्ही हवेत दांडा धरल्यासारखं केलं आणि हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. दाराशी उभ्या अकोल्याच्या माणसालाच ते आधी कळलं. उघड्या दांड्यानं तळहात फाटतो, उन्हात भाजतो. तशी मोटर तुम्ही रस्त्यावर जाऊ देणार नव्हता, विकलेली असली तरी. तो म्हणाला, "काका, मी फडकं गुंडाळतो नं, अकोल्याले गेल्यावर नवा बसवतो." तुम्ही मान हलवली. नाही.

सुतार मूर्तिजापूरच्या बाजारी गेलेला. त्यानं केलेला गोळा तुम्ही फेकला तेव्हाच उभा चिरला होता. यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मी खोलीत गेले, जात्याच्या खुंट्याला पाट्यावरच्या वरवंट्यानं दोन बाजूंनी ठोकलं आणि तो उपसून बाहेर आणला. लग्न होऊन आले तेव्हापासून रोज पहाटे तो धरलेला. तुमच्या गोळ्यासारखाच गुळगुळीत. आत्याबाई म्हणाल्या, "अन् उद्या दळशील कशानं, बोटानं?" पण त्यांनी हात धरला नाही. यांनी सळई लाल करून खुंट्याच्या बुडाला भोक पाडलं, दांड्यावर उरलेली तीच लाख पुन्हा मऊ केली आणि खुंटा बसवला. अकोल्याच्या माणसानं तो हातात धरून पाहिला, गिअर टाकून पाहिला आणि हसत सुटला. "वा! जात्याचा खुंटा लावून जातो मी आता अकोल्याले. रस्त्यानं लोकं मले पीठ मागतीन!" मोटर सुरू झाली. खाट दारापर्यंत ओढून आम्ही तुम्हाला ती दाखवली. ती वळणावर गेली तेव्हा तुम्ही डावा तळहात उताणा केला, यांनी त्यात गोळा ठेवला, आणि मग तुम्ही तो परत दिला नाही.

पुढे अकोटकडे तिला जात्याची मोटर म्हणायचे असं कानावर आलं. माझ्या जात्याला नवा खुंटा आला, पण तो हाताला कधी बसला नाही, पुढे पिठाची गिरणीच आली. तुमचा गोळा तुमच्या मागे बरेच दिवस कोनाड्यात होता, मग घर बांधताना कुठं गेला कोणाला ठाऊक नाही. मी शोधलाही नाही. त्याचं काम त्यानं केलं होतं. उन्हाळा लागेतो तुमची बोटं उघडायला लागली होती, पाण्याचा पेला तुम्ही डाव्या हातानं धरायला लागलात, थोडं सांडायचं, पण धरायचे.

बोलणं मात्र फारसं परत आलं नाही. हात चालायला लागल्यावर एकदा तुम्ही जेवत होता, मी दाराआड. सवयीनं परत दाराआड गेले होते मी, त्या एका दिवसानं रीत काही मोडली नव्हती. तुम्ही एक घास घेतला, थांबलात, मान वळवलीत. भिंतीकडे नाही, आत्याबाईंकडे नाही. दाराकडे, जिथं मी आहे तिथं. आणि जड जिभेनं, तुकडे तुकडे करत, पण स्वच्छ म्हणालात, "मीठ, पोरी."

त्या दिवशी वरणात मीठ खरंच कमी पडलं होतं, माझं ध्यान नव्हतं. मी धावत मिठाचा सट घेऊन आले आणि माझ्या हातानं तुमच्या ताटात वाढलं. तुमच्या तोंडून थेट माझ्यासाठी निघालेला तो पहिला शब्द, आणि तो चूक काढणारा! मला इतका आनंद झाला की आत जाऊन मी रडले.

हे पत्र टपालाच्या पेटीत पडणार नाही, एवढं मला कळतं. घडी करून कपड्यांच्या पेटीत ठेवीन. म्हणून एक सांगून टाकते. त्यानंतर अधूनमधून मी वरणात मीठ मुद्दामच कमी टाकत होते. यांची कुरकुर ऐकली, आत्याबाईंची बोलणी ऐकली, "हिचं ध्यानच राह्यत नाई कुठं," म्हणायच्या त्या. मी दाराआड उभी राहून तुमच्या पहिल्या घासाची वाट पाहायची. तुम्ही दर वेळी मान वळवायचे आणि म्हणायचे. कधी कधी तर घास तोंडात जायच्या आधीच म्हणायचे. तेव्हापासून मनात आहे, मामाजी, तुम्हाला कळलं होतं का?

लवकर उत्तर धाडा. लांबलचक नको, एक शब्द पुरे.

तुमची सून